घरच्या अंगणात ट्रकचा क्लच बदलताना

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर बरीच विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मला बोलावणे आले तेव्हा मी चिटणीससाहेबांना म्हणालो, "साहेब, मला भाषण येत नाही. मला क्लच प्लेट बदलता येते." ते हसून म्हणाले, "मग तेच सांगा." तेव्हा आज तेच सांगणार आहे. समोर बसलेल्या पालकांपैकी पुष्कळांच्या घरी ट्रक आहे, टेम्पो आहे, नाहीतर दुसऱ्याच्या गाडीवर चालकाची नोकरी आहे. आपण मुलांना सांगत असतो की, बाबा, तू शीक, या डिझेलच्या वासात येऊ नकोस. माझ्या अब्बांनीही मला हेच सांगितले होते. पण एके दिवशी यावेच लागले.

गोष्ट मे १९९८ ची. आमची १९८९ सालची ४०७ होती. कऱ्हाडहून कांदा-बटाटा घेऊन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचे आणि परत येताना जांभा चिरा भरून आणायचा, असा अब्बांचा धंदा. चिऱ्याचे वजन डोळ्यांना कळत नाही. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि गाडीचे पाटे मात्र सपाट झालेले असतात. पावसाळा तोंडावर आला की बांधकामवाल्यांची घाई असते, त्यामुळे त्या महिन्यात भरलेला मालही नेहमीपेक्षा जास्तच. घाट चढताना एका वळणावर गाडी उभी राहिली. इंजिन गर्जना करतेय, गिअर पडलेला आहे, पण चाके फिरत नाहीत आणि केबिनमध्ये जळका वास भरला आहे. अर्धा चिरा रस्त्याकडेला उतरवून अब्बांनी गाडी कशीबशी वर आणली. चिरा उतरवताना कंबरेत जी उसण भरली, तिने त्यांना दोन महिने अंथरुणावर खिळवून ठेवले.

गॅरेजवाल्याने सामान व मजुरी मिळून जी रक्कम सांगितली, ती माझ्या मोठ्या बहिणीच्या डी.एड.च्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांएवढीच होती. गाडीचा हप्ता थकलेला. म्हणजे गाडी दुरुस्त करावी तर आपाचे कॉलेज राहते, आणि गाडी उभी ठेवावी तर दोन्ही राहतात. गॅरेजवाला वाईट नव्हता, त्याचा दर रास्तच होता. पण त्या रकमेत मजुरीचा वाटा मोठा होता. मी त्या वेळी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. पाना हातात धरायचाही सराव नाही. आमच्या गल्लीत एक वृद्ध मिस्त्रीचाचा राहत. आयुष्य गाड्यांखाली गेलेले, पण आता हात थरथरत होते आणि एका डोळ्याने दिसत नव्हते. अम्मीने त्यांना बोलावले. ते अंगणात खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "बेटा, हात तुझे, जबान माझी. पण मी थांब म्हटले की थांबायचे."

आता क्लच म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. इंजिनच्या मागच्या तोंडाला एक जड लोखंडी चाक असते, ते फ्लायव्हील. त्याच्या मागे जेवणाच्या ताटाएवढी एक तबकडी, ती क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे लाइनिंग रिव्हेटने बसवलेले असते. तिच्याही मागे प्रेशर प्लेट, जी स्प्रिंगच्या जोराने या तबकडीला फ्लायव्हीलवर दाबून धरते. तबकडीच्या मधल्या दातेरी भोकात गिअर बॉक्सचा शाफ्ट बसतो. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटचा दाब उचलते, तबकडी सुटी होते आणि इंजिनचा गिअर बॉक्सशी संबंध तुटतो. पेडल सोडले की पुन्हा जुळतो. सगळा कारभार घर्षणाचा. विद्यार्थी मित्रहो, घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले लंब बल, हे तुम्ही पाठ केलेले सूत्र इथे रोज घाट चढत असते.

लाइनिंग झिजते तेव्हा काय होते, ते नीट ध्यानात घ्या. तबकडी पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या जवळ सरकते. त्यामुळे तिची बोटे मागे, म्हणजे रिलीज बेअरिंगच्या दिशेने येतात. पेडलला वरच्या बाजूला जो मोकळा खेळ असतो तो कमी कमी होत जातो. पुढे तो संपतो आणि बेअरिंग बोटांना कायमचे टेकून राहते. म्हणजे पाय पेडलवर नसतानाही कोणीतरी ते थोडेसे दाबून धरल्यासारखे होते. जुन्या पद्धतीच्या गोल स्प्रिंगांच्या क्लचमध्ये झिजेबरोबर स्प्रिंगा लांबतात आणि त्यांचा जोरही उतरतो. दाब कमी, घर्षण कमी, मग क्लच घसरतो, घसरला की तापतो, तापला की आणखी झिजतो.

म्हणून चाचांनी पहिला पाना उचलू दिला तो गिअर बॉक्स उतरवायला नव्हे. ते म्हणाले, आधी पेडलचा खेळ बघ. खेळ नुसता संपलेला असेल तर पुष्कळदा रॉड नाहीतर केबल जुळवून काम भागते, आणि लोक उगाच गाडी उघडतात. खेळ जुळवूनही घसरत असेल तर मग परीक्षा घ्यायची. मोकळ्या जागी, पुढे-मागे कोणी उभे नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून, चाकांना ओंडके लावून, वरचा गिअर टाकायचा आणि पेडल सावकाश सोडायचे. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. इंजिन तसेच चालू राहिले तर क्लच गेला. ही परीक्षा काही सेकंदांचीच, कारण तेवढ्या वेळातही तो तापतो. आमचे इंजिन आरामात चालू राहिले.

याउलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर कर्रकर्र वाजत पडत असेल तर क्लच सुटत नाही, ती तक्रार वेगळी. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग बोलते आहे. गाडी उचलताना थरथरत असेल तर लाइनिंगवर तेल आले असण्याचा संभव असतो. ऐकायला शिका, पैसे वाचतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि इथे मला पालकांचे लक्ष हवे आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही. पाच मिनिटांसाठीही नाही, पडलेला नट उचलायलाही नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. आमच्या ओळखीच्या एका घरातला कर्ता मुलगा असाच गेला आहे, म्हणून मी हे जोर देऊन सांगतो. जमीन सपाट आणि टणक हवी. आमचे अंगण मातीचे होते. चाचांनी शेजारच्या बांधकामावरून जाड फळ्या आणायला लावल्या, त्यांवर लोखंडी घोड्या ठेवल्या, चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावले, आणि मग मला गाडीला खांद्याने जोर लावून हलवायला सांगितले. हलली नाही, तेव्हा परवानगी मिळाली. एकट्याने हे काम करू नका. वर हाक ऐकणारे माणूस हवेच.

आणि दहा चाकी, मोठ्या मल्टिअॅक्सल गाड्यांचे काम घरी काढू नका. त्यांचा गिअर बॉक्स दोन-तीन माणसांच्या आवाक्यातला नसतो, क्लचला हवेच्या दाबाची जोड असते. ते गॅरेजचे काम आहे, त्यात कमीपणा नाही. माझे सांगणे लहान, जुन्या, साध्या गाडीपुरते आहे.

पहिल्या दिवशी बॅटरीची अर्थची वायर सोडली. हे न करता स्टार्टर काढायला गेलात तर पाना टेकून ठिणगी उडते. मग मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही फ्लँजवर छिन्नीने खूण करून घेतली, कारण तो होता तसाच बसला नाही तर गाडी वेगात हादरते. मग क्लचची जोडणी, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी, गिअर लिव्हर. प्रत्येक गोष्टीचे बोल्ट वेगळ्या लांबीचे, आणि मी ते सगळे एका डब्यात टाकत होतो. अम्मीने ते पाहिले. काही न बोलता आत गेली आणि मसाल्याचा जुना डबा घेऊन आली. सात वाट्या. हळदीच्या वाटीत स्टार्टरचे बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत प्रोपेलरचे, मोहरीच्या वाटीत बेल हाउसिंगचे. परत जोडताना एकही बोल्ट चुकला नाही. आजही माझ्या कामाच्या जागी तसाच डबा आहे.

गिअर बॉक्स सोडण्यापूर्वी इंजिनच्या मागच्या बाजूला आधार द्यावा लागतो. काही गाड्यांत इंजिनचा मागचा भार गिअर बॉक्सच्या बाजूच्या माउंटिंगवरच असतो. बॉक्स काढला की इंजिन मागे झुकते. ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून आधार द्यावा, नुसता जॅक लावला तर पत्रा चेपतो. बॉक्सखाली दुसरा जॅक. शेजारचे दोघे मदतीला आले होते. शेवटचे बोल्ट सुटल्यावर बॉक्स सरळ मागे ओढायचा, वर-खाली न झुकवता. त्याचे वजन शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटच्या मधल्या भागावर लटकले तर प्लेट वाकते. जुनी तर टाकायचीच असते, पण बसवताना हीच चूक नव्या प्लेटला महाग पडते.

बेल हाउसिंगमध्ये काळी भुकटी साचलेली होती. मी फुंकर मारायला तोंड पुढे केले आणि खाटेवरून आवाज आला, "थांब!" जुन्या लाइनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ती भुकटी फुप्फुसात गेली तर तिचा त्रास वीस-तीस वर्षांनीही वर येतो. चाचांना अॅस्बेस्टॉस हा शब्द माहीत नव्हता. त्यांना एवढेच माहीत होते की, फुंकर मारणारे त्यांच्या बरोबरीचे मिस्त्री पुढे खोकत राहिले. फुंकर नको, हवेची नळीही नको. ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाकातोंडाला रुमाल बांधा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका. पोरांना लांब ठेवा.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूने सरळ काढत जायचे नाहीत. समोरासमोरचे, एकेक फेरा, थोडेथोडे. आत स्प्रिंगचा जोर दबलेला असतो. तो एका अंगाने सुटला तर प्लेटचे कव्हर वाकते. जुनी क्लच प्लेट हातात आली तेव्हा रिव्हेटची डोकी लाइनिंगच्या वर आली होती आणि त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले होते. मध्येमध्ये निळे डाग होते, म्हणजे लोखंड तेवढे तापले होते. अब्बा आतून खाटेवरून विचारत होते, "कशी आहे?" मी प्लेट दाखवायला नेली. त्यांनी बोटाने रिव्हेट चाचपले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. घाटात गर्दी झाली की ते गाडी ब्रेकवर न धरता अर्ध्या क्लचवर धरून उभे राहत. त्यांच्या पिढीतले अनेकजण तसेच करत. पालकांपैकी कोणी अजूनही करत असतील तर त्यांनी ती प्लेट पाहायला हवी होती.

फ्लायव्हील खूण करून उतरवले आणि लेथवर नेऊन हलका हात मारून सपाट करून आणले. बॉक्स बाहेर आहे तोवर इंजिनचा मागचा ऑइल सील पाहून घ्यावा. तिथून तेल झिरपत असेल तर नवी प्लेट आठवड्यात खराब होते आणि दोष मात्र प्लेट विकणाऱ्याला दिला जातो.

आता त्या दिवसातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त आठवते, ती सांगतो. इंजिनच्या शाफ्टच्या टोकाला, अगदी मध्यभागी, एक छोटे पायलट बेअरिंग बसवलेले असते. ते बंद तोंडाच्या भोकात रुतलेले. मागून ठोकायला जागा नाही, पुढून पकडायला काही नाही. ओढून काढण्याचे हत्यार आमच्याकडे नव्हते. मी तासभर स्क्रू ड्रायव्हरने उचकटत होतो. चाचा म्हणाले, "ते बाजूला ठेव. भोकात ग्रीस भर, ठासून, हवा राहू देऊ नकोस. आता त्या भोकात बरोबर बसेल असा गज घे आणि हातोड्याने मार." मला वाटले म्हातारा थट्टा करतो आहे. पण मारला. पहिल्या ठोक्याला ग्रीस आत गेले. पुन्हा भरले, पुन्हा मारला. चौथ्या-पाचव्या ठोक्याला बेअरिंग आपण होऊन बाहेर सरकू लागले. गज आत जातोय आणि बेअरिंग बाहेर येतेय.

मित्रहो, मी बारावीला पास्कलचा नियम लिहून पूर्ण गुण मिळवले होते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो. गजाखालचे ग्रीस भोकाच्या तळावर दाब देते, तळ हलत नाही, मग तोच दाब बेअरिंगच्या मागच्या अंगाला बाहेर ढकलतो. मी चाचांना म्हणालो, "चाचा, हा तर पास्कलचा नियम!" त्यांनी विचारले, "कुठल्या गॅरेजला होता तो?" आम्ही सगळे हसलो, आतून अब्बाही हसले. चाचा अंगठाबहाद्दर होते. त्या संध्याकाळी मी त्यांना वहीवर आकृती काढून दाखवली. त्यांनी ती जपून पाहिली आणि म्हणाले, "हे कोणी मला चौदाव्या वर्षी दाखवले असते तर!" मला मात्र तेव्हा असे वाटत होते की, हा ठोका मला कोणी बारावीच्या आधी दाखवायला हवा होता.

नवीन पायलट बेअरिंग हळू ठोकून बसवले. नवे रिलीज बेअरिंग पेट्रोलमध्ये धुवायचे नसते, त्यातले ग्रीस धुऊन जाते. नव्या प्रेशर प्लेटवर गंज न चढावा म्हणून लावलेले तेल मात्र पेट्रोलच्या फडक्याने पुसावे लागते. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीस अगदी बोटभर पुसट, जास्त लावले तर उडून लाइनिंगवर बसते. मग क्लच प्लेट फ्लायव्हीलवर धरून, भंगारातून आणलेला तसलाच जुना शाफ्ट तिच्या मधून पायलट बेअरिंगमध्ये घालायचा, म्हणजे प्लेट बरोबर मध्यभागी येते, आणि तसेच ठेवून प्रेशर प्लेट समोरासमोरचे बोल्ट फिरवत आवळायची. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने. तो आम्ही उसना आणला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॉक्स चढवला. शाफ्टचे दाते प्लेटमध्ये जात नव्हते तेव्हा गिअर टाकून मागची फ्लँज हळूहळू फिरवली, दाते जुळले आणि बॉक्स सरकून टेकला. राहिलेले अंतर बोल्ट आवळून ओढून घ्यायचे नाही, तसे केले तर प्लेट नाहीतर हाउसिंग फुटते. सगळे जोडले, पेडलचा खेळ जुळवला, इंजिन चालू केले, पेडल दाबले, आणि गिअर कर्रकन वाजला. क्लच सुटतच नव्हता.

मी प्लेट उलटी बसवली होती. तिच्या मधल्या भागाची उंच बाजू गिअर बॉक्सकडे हवी होती, ती मी फ्लायव्हीलकडे केली होती. ती फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत होती. प्लेटवर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेले होते, फ्लायव्हीलची बाजू कोणती ते. चाचांना वाचता येत नव्हते आणि मला वाचता येत असून मी वाचले नव्हते. त्या रात्री मी जेवलो नाही. आपा येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "उद्या बॅटरी मी धरते." तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा उतरवले. पहिल्यांदा दीड दिवस लागला होता, दुसऱ्यांदा दुपारच्या जेवणापर्यंत झाले. प्लेटचे नशिबाने काही बिघडले नव्हते.

पेडलचा खेळ आम्ही साधारण एक इंच ठेवला. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, तोच ठेवा. नव्या गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारे क्लच आले आहेत, त्यांत पुष्कळ ठिकाणी हा खेळ हाताने जुळवावाच लागत नाही. पण मग तेलाची पातळी आणि गळती पाहावी लागते. नवी प्लेट बसली की पहिले काही दिवस ओझे कमी ठेवा, घाट टाळता आला तर टाळा. लाइनिंग आणि लोखंड एकमेकांत बसायला वेळ लागतो.

जूनमध्ये आपाचा प्रवेश झाला. आज ती शिक्षिका आहे. मी पदवी पूर्ण केली आणि नंतर आय.टी.आय.त डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही केला. बी.एस्सी. होऊन आय.टी.आय.त का गेलास, असे नातेवाइकांनी विचारले. मी म्हटले, वाचायला येत होते, आता हात वाचायला शिकतो आहेत. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही तिथे असतो. दहावीनंतर कोणाला त्याची माहिती हवी असेल तर मला भेटा.

आता मी बसतो. बाहेर पटांगणात कडुनिंबाखाली टेबलावर एक झिजलेली आणि एक नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, जुना शाफ्ट आणि पायलट बेअरिंग रुतवलेला एक लोखंडी ठोकळा मांडून ठेवला आहे. ग्रीसचा डबा आहे, गज आहे, हातोडा आहे. मुलींनीही यावे. बेअरिंग कोणाला बाहेर काढून बघायचे असेल त्याने बाह्या सरसावून याव्यात, हात पुसायला चिंध्या ठेवलेल्या आहेत.